माझ्या मापाचं आसन

"पोट आत! टेलरबाई, पोट आत घ्या म्हणतोय मी! आत! आत!"

सर इतक्या जोरात ओरडत होते, की बाहेर रस्त्यावरून चाललेल्या दोन-चार माणसांनी दचकून आपापली पोटं आत घेतली असतील. मी ओणवी होते. हात खुर्चीच्या बैठकीवर, पाय चांगले फाकवलेले. मंगल कार्यालयाच्या हॉलमधली शेवटची रांग, आणि आदल्या दिवशीच्या लग्नातल्या अक्षता तळपायाला टोचत होत्या. तशीच मान वळवून मी विचारलं, "सर, आत कुठं घेऊ? आत जागा असती तर ते बाहेर कशाला आलं असतं?"

पहिल्या रांगेतल्या बारक्या बायका खदखदून हसल्या. हसताना त्यांचीही पोटं हलली, पण ती सरांना दिसली नाहीत. साऱ्या धाराशिव शहरात सरांना एकच पोट दिसायचं, आणि ते माझं.

मी मोठी आहे. नुसतं मोठी म्हणून भागत नाही. मी एसटीत चढले की ड्रायव्हर आरशात बघतो आणि गिअर बदलतो. मी रिक्षात बसले की रिक्षावाला पुढच्या सवारीसाठी हाका मारायचं बंद करतो. बेंबळीला एका लग्नात मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, तर खुर्चीनं चारी पाय चार दिशांना पसरले आणि ती भुईला टेकली. जिल्ह्यातलं पहिलं योगासन त्या खुर्चीनं केलं, असं मी मानते. हे सगळं मीच सांगते, आणि वाढवून सांगते. दुसऱ्यांवर सोडलं तर ते कंजुषी करतात, नुसतं 'जाड' म्हणून मोकळे होतात.

तीस वर्षं मी बायकांचे ब्लाउज शिवतेय. अर्धा जिल्हा माझ्या टेपात गुंडाळून झालाय. माझ्याकडं दहा इंची कात्री आहे, लोखंडी, मला शिवण शिकवलेल्या उस्तादानं दिलेली. तिनं फक्त कापड कापायचं. कागदाला लावली की धार मेली. दुकानात कुणी दोरा तोडायलासुद्धा तिला हात लावत नाही. आणि कटिंग मी जमिनीवर बसूनच करते. टेबलावर कापड तरंगतं, जमिनीवर ते गुमान पडून राहतं. मांडी घालून, कापडावर वाकून, खडूची रेघ ओढत गेलं की हाताला आपोआप कळतं कुठं वळायचं.

मागल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी आणि कंबरेनं मिळून कट केला. खाली बसायला यायचं, वर उठता यायचं नाही. एका दुपारी मी दुकानाच्या फरशीवर जी अडकले ती दोन तास. गिऱ्हाइकं येत होती. मी खालूनच म्हणायचे, "बसा बाई, आता मापं बसूनच घेत्यात, नवीन पद्धत हाय." दोघी बसल्यासुद्धा! शेवटी शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातली आपा आली आणि दोघीतिघींनी मिळून मला उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून मी टेबलावर कापायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात दोन ब्लाउजचे मुंढे, बाही जोडायच्या जागचे काप, चुकले. तीस वर्षांत एक चुकला नव्हता. रात्रभर मला तेच दिसत राहिलं. जमीन सुटली तर हात सुटणार, आणि हात सुटला तर मी फक्त एक जाड बाई उरणार, हे मला लख्ख कळलं होतं.

डॉक्टरांकडं गेले. ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "वजन कमी करा." ताप आला तेव्हाही ते हेच म्हणाले होते. कानात मुंगी गेली तेव्हाही हेच. मुंगी वजनदार असावी.

म्हणून मी योगाच्या वर्गाला गेले. जमिनीवर बसता यावं आणि कुणाचा हात न धरता उठता यावं, एवढंच मला हवं होतं. बारीक होण्याचं नावसुद्धा मी काढलं नव्हतं. ते सगळं सरांनीच काढलं.

सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर. जन्मभर पोरांना सावधान-विश्राम करायला लावलं, आणि मग त्याच शिट्टीवर योग शिकवायला घेतला. अंगानं असे, की त्यांचं माप घ्यायला गेले तर टेपच लाजेल. त्यांचे वडील तसेच, भाऊ तसाच, त्यांची सायकलसुद्धा तशीच. पण बोलायचे असे, जणू हिमालयात बारा वर्षं उपाशी बसून ही हाडं त्यांनी मिळवली होती. पाठ वाकली तरी शिट्टी, वाकली नाही तरी शिट्टी. श्वास सोडायला सांगून घ्यायला सांगायचं विसरायचे. एकदा अख्खा वर्ग निळा पडायच्या बेतात होता.

आणि दर सोमवारी वजन! त्यासाठी ते भावाच्या आडत दुकानातून पोती मोजायचा काटा आणायचे. काट्याच्या फटीत सोयाबीनचे दाणे अडकलेले असायचे. एकेकीनं वर चढायचं आणि सर हमालाच्या सुरात आकडा पुकारणार. माझा आकडा पुकारताना त्यांना विशेष जोर चढायचा. मी खाली उतरता उतरता म्हणायचे, "सर, ओलावा किती लागला तेबी सांगा, म्हंजी भाव ठरवता येईल."

पहिल्या रांगेच्या पुढारी होत्या वकीलीणबाई. वकिलांची बायको, म्हणून सगळं गाव त्यांना वकीलीणबाई म्हणतं. चाळिशीच्या, गोऱ्या, योगासाठी पुण्याहून मागवलेल्या कपड्यात. त्या मला रोज नवा उपदेश करायच्या. "टेलरबाई, भात सोडा." दुसऱ्या दिवशी, "भाकरी सोडा." तिसऱ्या दिवशी गरम पाणी आणि दालचिनी. आठवडाभर ऐकत गेले असते तर रविवारी मला फक्त दालचिनी आणि वकीलीणबाई एवढंच खायला उरलं असतं.

त्यांच्या सडपातळपणाचं गुपित मला माहीत होतं. कसं न्हाय माहीत असणार? तो मीच शिवला होता. आमच्या गावातली कुठलीही बाई चाळिशीनंतर नवं माप देत नाही. कापड टाकते आणि म्हणते, "मागचंच माप ठेवा." वकीलीणबाई तर दारातूनच ओरडायच्या, स्कूटीवरून न उतरता. मी 'बरं' म्हणायचे, डोळ्यांनीच माप काढायचे, दोन इंच जास्त कापायचे आणि वर शिवणीत भरपूर माया सोडायचे, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून सैल करता यावं. दिवाळीला ब्लाउज बसला की त्या मैत्रिणींना सांगणार, "बघा, लग्नापासनं माझं माप बदललं नाही." अशा चौदा बायका माझ्या दुकानात येतात. पहिली रांग सगळी माझ्याच शिवणीत उभी होती, आणि तीच मला भात सोडायला सांगत होती.

दुसऱ्या महिन्यात मी आपाला वर्गाला ओढून आणलं. तीही अंगानं माझ्याच जातीची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. पहिल्याच दिवशी सरांनी तिला पाय जुळवून पुढं वाकायला सांगितलं. आपा वाकली, पोट मध्ये आलं, आपा थांबली. "सर," ती म्हणाली, "ये बीच में जो है ना, इसको किधर रखूं? तुमारे हात में देऊं?"

त्याच दिवशी संध्याकाळी आपाच्या फोनवर आम्हाला एक बाई सापडली. कुठल्या देशातली कोण जाणे, भाषाही समजली नाही, पण आमच्याएवढीच होती, आणि आसनं करत होती. आम्ही दोघी दुकान बंद करून तिच्याकडं बघत बसलो. ती पाय फाकवत होती आणि पोटाला मधे जागा करून देत होती. हात पावलापर्यंत पोचत नव्हता तर पट्टा लावत होती. मी कपाळावर हात मारून घेतला. हे तर मी जन्मभर करत आले होते! अंग बघायचं आणि त्यावर कापड बेतायचं. आजवर एकाही गिऱ्हाइकाला मी म्हणाले नाही, की ब्लाउज शिवून तयार आहे, आता तुम्ही अंग तेवढं कापून आणा. मग आसनच काय एवढं लागून गेलं?

मग मी आसनं बेतायला घेतली. जुन्या नऊवारीचा काठ उसवून पट्टा केला. वज्रासनासाठी मांडी आणि पोटरीच्या मध्ये चिंध्यांची उशी. वाकायला खुर्ची. पाय पुढं आणायचा असला की सरळ हातानं उचलून पुढं ठेवायचा, सामान सरकवतो तसा. सर बघायचे आणि शिट्टी फुंकायचे. "ही चीटिंग आहे! योगात खुर्ची नाही!" मी म्हणायचे, "सर, तुमाला हाडं बसायला दिलीत देवानं, आमाला खुर्ची." तीन महिन्यांत मी पुन्हा खाली बसून उठायला लागले. उठताना एक हात मात्र खुर्चीला लागायचाच. खुर्ची सोडून उठायचं धाडस होत नव्हतं. फरशीवरचे ते दोन तास आठवायचे.

एक दिवस सर गोड बोलले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. "टेलरबाई, जूनमध्ये योगदिन आहे. फोटो पाहिजे तुमचा. सूर्यनमस्कारातलं पहिलं आसन, हात जोडून उभं राहायचं." मी खूश! हातमागाची साडी नेसून गेले, केस विंचरले, पावडर लावली, हात जोडले. सर म्हणाले, "थोडं हसा." मी थोडं हसत नाही, पुष्कळ हसले.

आठ दिवसांनी चौकात फ्लेक्स लागला. चहाच्या टपरीच्या वर, दोन खांबांना बांधलेला. खालचा भाग टपरीच्या ताडपत्रीमागं गेलेला, उजवी बाजू लिंबाच्या फांद्यांत. दिसत होतं ते एवढंच: वर गोलात सरांचा फोटो, दुसऱ्या गोलात त्यांच्या आडतवाल्या भावाचा, मोठ्या अक्षरांत 'धाराशिवकरांनो, आता तरी उठा!' आणि त्याखाली हात जोडून, तोंड भरून हसणारी मी. रस्त्याएवढी.

आता आमच्याकडं वर पुढाऱ्यांची गोल तोंडं आणि खाली हात जोडून हसणारं माणूस असलं, की त्याचा अर्थ लहान लेकरालाही कळतो. दुपारी बारापर्यंत गावभर झालं, टेलरबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या.

आपा धावत आली. "अगे, तू इलेक्शन को खडी है? मेरे को बोली बी नई?"

तोवर दुकानात माणसं यायला लागली होती. बेंबळीहून एक म्हातारे आले, धोतर सावरत बसले आणि म्हणाले, "अक्का, आमच्या शिवाराच्या रस्त्याचं तेवढं बघा. तुमाला मत देतो, पर रस्ता पायजे." मी सांगितलं, "आजोबा, मी उभी न्हाय." ते समजुतीनं हसले. "सुरवातीला समदेच असं म्हंत्यात." तेरखेड्याहून एक फटाकेवाला आला आणि मिरवणुकीसाठी किती हात लांबीच्या माळा लागतील विचारायला लागला. तीन बायकांनी ब्लाउजबरोबर नळाची तक्रार दिली. एकानं हळूच विचारलं, "तिकीट कुणाचं?" मी तितक्याच हळू म्हणाले, "अजून बोलणी चालू हायत." खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. माझं अंग बघून लोक पहिल्यांदाच उठून उभे राहात होते. या बाईत दम आहे, असं म्हणत होते. ज्या आकाराला सर पोतं म्हणत होते, त्याच आकाराला गाव आमदार करायला निघालं होतं!

रविवारी टपरी बंद होती. ताडपत्री गुंडाळलेली. आपा आणि मी भाजी घेऊन चौकातून येत होतो. आपा थांबली. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, ती अक्षरं जोडत वाचते.

"आ... धी," तिनं वाचलं. "तेरे पांव के नीचे लिखा है. आधी."

"आणि पलीकडं?"

तिनं छत्रीच्या दांड्यानं लिंबाची फांदी बाजूला केली. "नंतर. वकीलीण है. पर खेंच के लंबी करी उसको. शेवई के माफिक."

मी नेहमी हसते. कुणी काही बोलायच्या अगोदर हसते, म्हणजे त्यांच्या हसण्यात दम उरत नाही. त्या दिवशी मला हसू आलं नाही. बावन्न वर्षं जगले, जिल्ह्यातल्या किती नवऱ्या माझ्या हातचा ब्लाउज घालून बोहल्यावर चढल्या, आणि चौकात लिहून ठेवलं होतं, की माझं अजून काहीच सुरू झालेलं नाही. मी आधी. जे काही व्हायचं ते पुढं, आणि ते दुसऱ्याच बाईच्या रूपात.

तशीच पिशवी घेऊन मी सरांच्या घरी गेले. सर पेपर वाचत होते.

"सर, तो फ्लेक्स काढा."

"का? लोक बघतायत की."

"मला न विचारता 'आधी' म्हून लावलंत."

"त्यात विचारायचं काय? तुम्ही जाड आहात हे काय गुपित आहे का?" त्यांनी पेपरचं पान उलटलं. "तीन महिने येताय, टेलरबाई. काटा हलला का तुमचा? काही झालंय का तुमच्यात, सांगा बरं."

सांगण्यासारखं होतं. पण ज्या माणसाकडं मोजायला पोत्याचा काटाच आहे, त्याला काय सांगणार? मी पिशवी उचलली आणि निघाले.

सोमवारी पहाटेच मी आणि आपा चौकात गेलो. फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला आम्हाला शिडी लागली नाही. टपरीवाला दूध आणत होता, त्यालाच आम्ही वर चढवलं. तो म्हणाला, "अक्का, अर्ज मागं घेतला का?" मी म्हणाले, "मतदारसंघ बदललाय."

वर्ग भरला होता. काटा मांडलेला होता. मी शेवटच्या रांगेत गेले नाही. सरळ पुढं गेले आणि पहिल्या रांगेच्या पुढ्यात फ्लेक्स उलगडला. सगळ्यांना खालची अक्षरं दिसली. वकीलीणबाईंना आपलं शेवईचं रूप दिसलं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नंतर कळलं, लिंबाखालून तो फोटो बघून त्यांच्या माहेरच्या माणसांनी फोन करून विचारलं होतं, आजारी आहेस का म्हणून.

"हे इथं कशाला आणलं?" सर ओरडले. "टेलरबाई! चौकात लावा ते! आत्ताच्या आत्ता!"

मी खाली बसले. खुर्ची जवळ नव्हती, आपानं आणली असती, मीच नको म्हणाले. आधी एक गुडघा, मग हात, मग कुशीवरनं वळून मांडी. पिशवीतून दहा इंची कात्री काढली. उस्तादाची कात्री प्लास्टिकला लावताना मी ती दोनदा मागं घेतली, खरं सांगते. पण लावली. करर्र करून खालची पट्टी कापत गेले, वाकून, हातभर, दोन हात, रेघ न ओढता, सरळ. 'आधी' निघालं. मग 'नंतर' निघालं. मग वकीलीणबाईंचा अख्खा भाग कापून घडी घातली आणि त्यांच्या पुढं सरकवला. मग वरची दोन गोल तोंडं, बटणासारखी स्वच्छ गोल कापून काढली.

"उठा!" सर किंचाळले. "उठा म्हणतोय मी! उठा तिथनं!"

आता खरी गोष्ट. मी खाली होते, सगळा वर्ग बघत होता, आणि उठता आलं नसतं तर दोन तास काय, जन्मभर त्या हॉलमध्ये अडकले असते. मी कात्री मिटली. कुशीवर वळले. एक गुडघा. पाऊल हातानं उचलून पुढं ठेवलं. श्वास सोडला, आणि सर घ्यायला सांगतील याची वाट न बघता घेतला. गुडघा कटकटला. मांडी थरथरली. मग जमीन खाली गेली आणि मी उभी होते. कुणाचाही हात न धरता. महिनोन्‌महिन्यांत सरांची एक तरी सूचना मी जशीच्या तशी पाळली.

सरांनी शिट्टी तोंडात धरली, काढली, परत धरली. मग म्हणाले, "शवासन!" सगळ्या बायका धडाधड आडव्या झाल्या. त्या आसनात कुणालाच कुणाकडं बघावं लागत नाही. आपा तेवढी उभीच राहिली, माझ्या शेजारी, पोटावर हात ठेवून.

कात्रीची धार गेली ती गेलीच. लातूरहून लावून आणली, तरी पहिल्यासारखी चालत नाही. कटिंग मात्र मी पुन्हा जमिनीवर करते. माझ्या फोटोचा तुकडा दुकानाच्या दारावर पावसाची झड अडवायला लावलाय, हात जोडलेली मी गिऱ्हाइकांचं स्वागत करते. सरांचं गोल तोंड मशीनच्या तेलाच्या बाटलीखाली आहे, तेल झिरपून त्यांना आता जरा बाळसं आलंय. वर्गाला मी जाते अजून, माझ्या खुर्चीसकट. वजन करायला चढत नाही. सोयाबीनचा हंगाम आला तसा काटाही आडतीत परत गेला.

त्या सोमवारनंतर पंधरा दिवसांनी वकीलीणबाई दुकानात आल्या. दारातून ओरडल्या नाहीत. स्कूटी लावली, आत आल्या, कापडाची पिशवी ठेवली. मी खाली बसून अस्तर कापत होते. आमच्यात काही बोलणं झालं नव्हतं त्या दिवसापासून. मी वही ओढली आणि सवयीनं विचारलं, "मागचंच माप ठेवू ना?"

त्यांनी पदर बाजूला केला, हात थोडे वर धरले आणि म्हणाल्या, "जे आहे ते घ्या."